पाय कोरडे आहेत

खोली बघायला आलेल्या मुलीला घरमालक साधारण काय विचारतो? गाव कुठलं, शिकतेस काय, फोडणीचा वास घरात किती वेळ राहतो. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या माझ्या घरमालकांनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे न बघता बुटांकडे बघितलं आणि म्हणाले, "काढ. मोजेसुद्धा." मला वाटलं, चला, अमेरिकेत का होईना, पादत्राणं दारात काढणारं एक घर मिळालं. मी खुशीत बूट-मोजे काढले. तर पंचाहत्तरी ओलांडलेले ते उंच, वाळकुडे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून माझ्यासमोर गुडघे टेकून बसले आणि माझ्या पायांच्या बोटांमधल्या बेचक्या तपासायला लागले.

"उजव्या करंगळीला बूट चावतोय," ते उठत म्हणाले. "अर्धा नंबर मोठा घे. बाकी पाय चांगले आहेत. खोली तुझी."

ही हकीकत मी त्याच संध्याकाळी फोनवर आईला सांगितली आणि पस्तावले. साताऱ्यात बसलेल्या माझ्या आईने लगेच घर बदलायचा हुकूम काढला. मुलगी बघायला येणारेसुद्धा आता पाय बघत नाहीत, हा कोण टिकोजी लागून गेला, असं तिचं म्हणणं. त्या घरात माझ्या आधीपासून राहणाऱ्या नागपूरच्या केतकीने फोन माझ्या हातातून घेऊन तिची समजूत काढली. काकू, काका एकदम सेफ आहेत, माझेही पाय बघितले होते, फंगस निघालं तर औषधसुद्धा देतात. केतकीने मला हे आधी सांगायला काय हरकत होती, असं मी तिला विचारलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं, मग मला का सुटका, असं तिचं साधं गणित होतं.

काका मूळचे ऑस्ट्रेलियाचे. बायको पेनसिल्व्हेनियाची, तिच्या मागे इथे आले, युनिव्हर्सिटीच्या मेंटेनन्समध्ये नळ आणि पाइप दुरुस्त करत तीस वर्षं काढली आणि तिथूनच रिटायर झाले. बायको जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. तिचा फोटो स्वयंपाकघरात टोस्टरच्या वर होता. त्या फोटोला आम्ही काकू म्हणायचो आणि काकाही मग काकूच म्हणायला लागले. या देशात पन्नास वर्षं राहूनही त्यांनी आपले उच्चार जराही बदलू दिले नव्हते. बँकेतल्या बाईला त्यांचं इंग्रजी कळायचं नाही, तेव्हा ते तिच्याकडे अशा दयेने बघायचे की जणू भाषा तिलाच येत नाही.

आणि तरुणपणी काका सैन्यात होते. पायदळात, प्रायव्हेट. म्हणजे आपल्याकडचा साधा शिपाई, ज्याच्या खाली कोणीच नसतं असा. व्हिएतनामच्या लढाईत ऑस्ट्रेलियाची पोरंही गेली होती हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांना एकदा बढती मिळाली होती म्हणे, ती अकरा दिवस टिकली आणि एका बकरीच्या प्रकरणात परत गेली. बकरीचं काय झालं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

पायांचं वेड तिथूनच आलेलं. जंगलात महिनोन् महिने ओल्या बुटांत राहिलेला माणूस देवावर विश्वास ठेवेल न ठेवेल, कोरड्या मोज्यांवर ठेवतो, असं ते सांगायचे. हिवाळा लागला की प्रत्येकीच्या दाराशी लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड यायचे. तळघरात फक्त मोज्यांसाठी एक दोरी बांधलेली होती, तिच्यावर दुसरं काही वाळत घातलेलं त्यांना खपत नसे. कसं काय, बरं आहे ना, असं त्यांनी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. ते विचारायचे, "पाय कसे आहेत?" माझे गाइड एकदा आम्हाला किराणा दुकानात भेटले. ओळख करून दिल्यावर काकांनी त्यांनाही तेच विचारलं. एवढे मोठे प्रोफेसर, गोंधळून खाली बघायला लागले आणि डाव्या टाचेचं दुखणं सांगून मोकळे झाले. पुढच्या मीटिंगला त्यांनी माझ्या डेटाच्या आधी काकांची चौकशी केली.

दुसरी एक सवय पहाटेची. उजाडायच्या सुमाराला काका चहाचा मग घेऊन मागच्या दाराशी उभे राहायचे, तोंड बाहेर करून, पाव तास, अक्षर न बोलता. लढाईत म्हणे अख्खी तुकडी दिवस उगवताना आणि मावळताना अशीच बंदुका बाहेर रोखून गप्प बसून राहायची, कारण हल्ला व्हायचा तो त्याच वेळी. आता बंदुकीच्या जागी चहा होता आणि शत्रूच्या जागी शेजाऱ्यांचं गॅरेज. त्या पाव तासात मायक्रोवेव्ह लावायचा नाही, कारण तो वाजतो. केतकीची आठची लॅब असायची आणि तिला थंड दूध प्यावं लागायचं, म्हणून तिने एकदा चिडून विचारलं, ते गॅरेज आपल्यावर हल्ला करणार आहे काय? काकांनी शांतपणे उत्तर दिलं, "पंचवीस वर्षांत केला नाही. का केला नाही, याचा विचार कर."

पहिल्या दिवाळीला आमच्याकडून एक घोटाळा झाला. आम्ही दोघींनी दोन दिवस खपून मऊ चकल्या आणि कडक शंकरपाळे केले होते. उलटं व्हायला हवं होतं, पण ते असो. पाडव्याला साड्या नेसून आम्ही काकांना वाकून नमस्कार करायला गेलो. मी खाली वाकले तशी काकांची मुद्रा एकदम गंभीर झाली. त्यांनी हाताने मला थांबवलं, खुर्ची ओढली, बसले, आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. आज तपासणी त्यांची आहे, अशी त्यांची समजूत. इतकी वर्षं दुसऱ्यांचे पाय बघितल्यावर शेवटी आपली पाळी आली, हे त्यांना अगदी न्यायाचं वाटलं होतं. आम्ही हसून हसून बेजार झालो, पण मोजे निघाले तेव्हा हसू थांबलं. उजव्या पायाला तीनच बोटं होती.

"दोन व्हिएतनामला राहिली," काका म्हणाले. "घाईत होतो, उचलायला वेळ मिळाला नाही."

मग आम्ही त्यांना नमस्काराचा अर्थ समजावून सांगितला. त्यांना तो इतका पटला की त्यानंतर दर सणाला ते मोजे काढून तयार बसायचे. संक्रांतीला आम्ही विसरलो तर त्यांनीच आठवण करून दिली.

काकांना पदकं मिळाली होती. त्यातलं एक शौर्याचं. ती सगळी स्वयंपाकघरातल्या एका ड्रॉवरमध्ये बिस्किटांच्या डब्यात होती. त्याच ड्रॉवरमध्ये रबरबँडं, जुन्या बॅटऱ्या आणि चायनीजबरोबर आलेली सॉसची पाकिटं असायची. शौर्याचं पदक कशाबद्दल मिळालं, असं विचारलं की दर वेळी नवी कथा. मला त्यांनी सांगितलं की जंगलात भर पावसात काडी ओढून चहा केल्याबद्दल. केतकीला सांगितलं की बंद पडलेली जीप अमेरिकनांच्या गळ्यात मारल्याबद्दल. आमच्या आधी राहून गेलेल्या एका तेलुगू मुलाची अशी समजूत होती की ते पदक कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यात निघालं. तो अजूनही तसंच मानून टेक्सासमध्ये सुखाने नोकरी करतो आहे.

माझे मामा सुभेदार म्हणून रिटायर झालेले. आमच्याकडे फौजेतला माणूस असणं यात काही विशेष नाही, पण मामांना पदक नाही आणि त्यांच्या लढाईच्या गोष्टी मात्र दर गणपतीत नव्याने वाढतात. त्यांचं आणि काकांचं मी एकदा व्हिडिओ कॉलवर बोलणं करून दिलं. मामांनी रँक विचारली. प्रायव्हेट म्हटल्यावर त्यांचा आवाज आपोआप चढला. काका ताडकन उभे राहिले आणि फोनला सॅल्यूट ठोकून उभेच राहिले, मामांनी बसायला सांगेपर्यंत. अर्धा तास दोघं बोलले. मामांचं इंग्रजी आणि काकांचं इंग्रजी यांची कुठेच गाठ पडत नव्हती, तरी बूट, तांदूळ आणि सार्जंट या तिन्ही विषयांवर दोघांचं एकमत झालं. नंतर मामांनी मला वेगळा फोन केला. म्हणाले, "पोरी, हा खरा लढलेला मानूस हाय. लढाईचं सोडून सगळं बोलला बघ." स्वतःच्या गोष्टींचं काय, हे मी मामांना विचारलं नाही.

आता माझ्याकडून काय झालं ते सांगते. माझी एक खोड आहे. दुसऱ्याचं काही चुकलेलं दिसलं की माझे हात स्वस्थ बसत नाहीत. मी लोकांच्या प्रेझेंटेशनमधले स्वल्पविराम दुरुस्त करते, दुकानात दुसऱ्याने उलटी ठेवलेली बरणी सुलटी करते. पंचवीस एप्रिल हा ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांचा स्मरणाचा दिवस. त्या दिवशी पहाटे काका कोट घालून, पदकं लावून, रोझमेरी या सुवासिक झुडपाची काडी खोचून मागच्या अंगणात उभे राहायचे. मग रम घातलेली कॉफी आणि ओटची दगडासारखी बिस्किटं. दुसऱ्या वर्षी त्यांनी आम्हालाही बोलावलं. आदल्या संध्याकाळी कोट खुर्चीवर टांगलेला होता आणि मी इस्त्रीला घेतला, कारण काकांच्या इस्त्रीने कोटाला जास्त सुरकुत्या पडायच्या. बघते तर तीन पदकं डाव्या बाजूला एका ओळीत आणि शौर्याचं पदक एकटंच उजव्या बाजूला. मी इंटरनेटवर सगळं वाचून ठेवलेलं होतं. स्वतः मिळवलेली पदकं डाव्या छातीवर लावायची, गेलेल्या नातलगाची उजव्या. म्हाताऱ्याचे डोळे अधू झालेत, असं मनात म्हणून मी ते पदक काढलं आणि डावीकडे ओळीत नीट बसवलं. कामगिरी फत्ते झाल्याच्या समाधानात झोपलेसुद्धा.

पहाटे काका फोनवर बिगूल लावून ताठ उभे होते. बिगूल संपता संपता त्यांचा हात उजव्या छातीकडे गेला आणि तिथे काहीच नव्हतं. त्यांनी खाली बघितलं, डावीकडे बघितलं. ते पिन काढायला लागले, मी मदतीला पुढे झाले, तर ते एक पाऊल मागे सरकले. माझ्यापासून मागे सरकले, हे मला फार लागलं. बिस्किटं कोणी खाल्ली नाहीत. पुढचे दोन दिवस त्यांनी पाय कसे आहेत, असं विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले. ते म्हणाले, "तू वाचलंस ते बरोबर आहे. आपलं डावीकडे, गेलेल्याचं उजवीकडे. हे माझं नाही."

कोणाचं, असं मी विचारलं. "ज्याला आणायला गेलो होतो त्याचं," एवढंच सांगून ते तळघरातल्या दोरीवरचे मोजे काढायला गेले. मी पुढे विचारलं नाही. माझ्या मानाने तो मोठाच संयम होता.

सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाहून एक पत्र आलं. ते चहाच्या डब्यामागे गेलं आणि तिथेच पाच आठवडे राहिलं. चहापत्तीसाठी रोज दोनदा हात जायचा, तेव्हा काका पत्राला वळसा घालून डबा काढायचे. एक दिवस दुपारी त्यांनी मला बोलावून पत्र दिलं आणि उत्तर टाइप करायला सांगितलं. त्यांना एका बोटाने टाइप करावं लागे. मी लॅपटॉप उघडला. त्यांनी घसा साफ करून मजकूर सांगितला, "कळवण्यास दुःख होतं की हे गृहस्थ वारले."

मी विचारलं, कधी?

"मागच्या मंगळवारी लिही. मंगळवारी मेलेल्या माणसाबद्दल कोणी शंका घेत नाही."

मी लॅपटॉप बंद केला आणि पत्र वाचलं. लिहिणारी बाई सत्तरीला टेकलेली होती, उत्तरासाठी तिने ईमेलचा पत्ता दिला होता. तिच्या नातवाने युनिव्हर्सिटीच्या मासिकात काकांचा टोमॅटोच्या रोपांसकट छापलेला फोटो इंटरनेटवरून शोधून काढला होता. ऑक्टोबरच्या शेवटी ती न्यू जर्सीला मुलीकडे येणार होती. तुम्ही माझ्या भावाचे मित्र, तिने लिहिलं होतं, आईचा एक निरोप तुमच्यापर्यंत पोचवायचा राहिला आहे, मी भेटायला येऊ का? यात मरून जाण्यासारखं काय आहे, ते मला कळेना. तसं मी म्हटल्यावर काका बराच वेळ धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत बसले आणि जोड्या लावता लावताच त्यांनी सगळं सांगितलं.

भाऊ म्हणजे ब्लूई. केस लालभडक म्हणून नाव निळा. तांबड्या केसांच्या माणसाला निळा म्हणायची त्यांच्याकडे पद्धतच आहे. हे दोघं एकाच दिवशी भरती झाले आणि एकाच तंबूत राहिले. ब्लूईच्या आईने स्वयंपाकघराचा जुना पडदा फाडून त्याला गळ्यात बांधायला एक निळ्या चौकड्यांचं फडकं शिवून दिलं होतं, घाम पुसायला. त्या फडक्यामुळे तो शंभर माणसांत ओळखू यायचा. आईचं दर आठवड्याला पत्र यायचं आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ, पाय कोरडे ठेव. सगळी तुकडी ब्लूईला यावरून चिडवायची.

एके दिवशी रबराच्या झाडांच्या मळ्यात त्यांच्यावर गोळीबार झाला. चार-पाच जण पुढे पडले, त्यात ब्लूई. धुरात दुसरं काही दिसत नव्हतं, चौकड्यांचं फडकं तेवढं दिसलं. काका सरपटत गेले, फडकं बांधलेल्या माणसाला धरून साठ-सत्तर पावलं ओढत मागे आणलं आणि उताणं केलं. तो ब्लूई नव्हता. आठवड्यापूर्वी आलेला एक नवा पोरगा होता. त्याच्या मानेला घामोळं आलं होतं म्हणून ब्लूईने सकाळीच आपलं फडकं त्याला देऊन टाकलं होतं. काका परत निघाले. अर्ध्या वाटेत पायाला गोळी लागली आणि तिथेच पडून राहिले. संध्याकाळी बाकीचे पुढे पोचले तेव्हा ब्लूई गेलेला होता. नवा पोरगा वाचला. पदक त्याबद्दल.

"चुकीचा माणूस आणल्याबद्दल पदक मिळालेला मी एकटाच असेन," काका म्हणाले. पण ही त्यांची नेहमीची गंमत नव्हती, आणि पुढे जे सांगितलं त्यात तर गंमत अजिबात नव्हती. इस्पितळात पडल्या पडल्या त्यांनी ब्लूईच्या आईला पत्र लिहिलं. वय एकवीस. लिहिलं की मी शेवटपर्यंत त्याच्याजवळ होतो, त्याला काही दुखलं नाही, आणि तो म्हणाला, आईला सांग, माझे पाय कोरडे आहेत. सगळं खोटं. आठ महिन्यांनी मायदेशी परतल्यावर ते ब्लूईच्या गावी गेले. त्या घरी जाऊन खरं काय ते सांगायचं, असं ठरवून गेले होते. आधी कबर बघावी म्हणून दफनभूमीत गेले. दगडावर नाव होतं आणि नावाखाली कोरलेलं होतं, आईला सांग, माझे पाय कोरडे आहेत.

तिथल्या फाटकावरूनच ते स्टेशनकडे वळले. त्या घरी कधीच गेले नाहीत. पुढच्या वर्षी लग्न करून इथे आले.

"आता ती विचारणार, तो आणखी काय म्हणाला," काका म्हणाले. "खरं सांगितलं तर एका म्हाताऱ्या बाईच्या भावाचे शेवटचे शब्द मी काढून घेतो. नाही सांगितलं तर तेच खोटं पुन्हा बोलतो, या खेपेला तोंडावर. तिसरा काही रस्ता असेल तर तू सांग. तू शिकलेली आहेस."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि मी ते लपवलंही नाही. मी एवढंच टाइप केलं, 'हे गृहस्थ जिवंत आहेत आणि मेलो असं कळव म्हणून मला सांगत आहेत. कृपया यावं.' एप्रिलमध्ये शहाणी झाल्यामुळे ते न पाठवता लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. स्पेलिंगं बरोबर आहेत, म्हणाले, आणि एका बोटाने त्यांनी स्वतःच पाठवायचं बटण दाबलं.

ती शनिवारी आली. केतकी तिला बसस्टॉपवरून आणायला गेली होती आणि मी सकाळपासून पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि वरणभात या कामाला लागले होते, कारण कठीण प्रसंगी काय करायचं याचं आमच्या घरात दुसरं काही शिक्षण झालेलं नाही. काकांनी टाय बांधला, सोडला, पुन्हा बांधला. त्या दिवशी ते मागच्या दाराशी तीन वेळा पहारा देऊन आले.

बाई उंच होत्या, पिकलेल्या केसांत अजून कुठे कुठे तांबूस झाक होती. आम्ही त्यांना मावशी म्हणायचं गाडीतच ठरलं होतं, केतकीच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी ते लगेच मान्य करून टाकलं. त्या आत आल्या, बसल्याही नाहीत, तोच सिंकपाशी ताठ उभे असलेले काका बोलायला लागले. एका दमात, सार्जंटला खबर द्यावी तसं. मी त्याच्याजवळ नव्हतो. मी दुसऱ्याला ओढून आणलं. तो एकटा गेला. तो काय म्हणाला, म्हणाला की नाही, मला माहीत नाही. दगडावरचं वाक्य मी बनवलं. कढईतलं तेल तापलं होतं, मी गॅस बंद केला. केतकी दारातच किल्ली हातात धरून उभी राहिली.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "खाली बस. आम्हाला माहीत आहे."

काका बसले नाहीत.

"तू ज्याला आणलंस तो पोरगा दोन महिन्यांनी कुबड्या घेऊन आमच्या घरी आला होता," त्या म्हणाल्या. "आईचं फडकं धुऊन, इस्त्री करून परत द्यायला. त्याने सगळं सांगितलं. तू ब्लूईच्या नावाने ओरडत होतास, परत गेलास, मधेच पडलास. मी अकरा वर्षांची होते, जिन्यात बसून ऐकत होते."

"मग दगड?" काका म्हणाले.

"दगड त्याच्यानंतर बसवला. बाबा म्हणाले, हे तर त्या मुलाने रचलेलं आहे, हे कसं कोरायचं? आई म्हणाली, मला ठाऊक आहे. स्वतःचा पाय फुटलेला असताना जो मुलगा माझ्या मनाचा इतका विचार करतो, त्याचं बोलणं माझ्या मुलाच्या डोक्यावर असू दे."

काका तेव्हा बसले. मग त्यांनी विचारलं, हे त्यांना कोणी कळवलं कसं नाही? मावशी म्हणाल्या, आईने तीन पत्रं लिहिली, तिन्ही परत आली, पत्ता न ठेवता निघून गेलेल्या माणसाला कुठे कळवणार? पन्नास वर्षांहून जास्त काळ हा माणूस एका घराला घाबरून अर्ध्या जगापलीकडे राहिला होता, आणि त्या घरात त्याची वाट बघत होते. मला त्यांचा राग आला, त्यांची कीव आली, आणि इतकं प्रेम वाटलं की कुठे बघावं कळेना.

"आणि निरोप?" काकांनी विचारलं.

"आईने जाताना सांगितलं होतं, तो कधी दारात आला तर त्याला काही विचारू नकोस, आधी पोटभर जेवायला घाल. चाळीस वर्षं मी वाट बघितली. तू आलाच नाहीस, म्हणून मग मी आले."

मग माझ्याकडे वळून त्यांनी जेवण तयार आहे का ते विचारलं आणि माझ्या हातातला डाव घेतला. मी गॅस पुन्हा लावला आणि पुऱ्या तळत राहिले. काका मान खाली घालून जेवत होते आणि रडत होते, दोन्ही एकदमच. केतकीने त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. मावशी भात वाढत होत्या, मी पुरी वाढत होते, आणि काकांनी दोन वेळा पुरे म्हटलं तरी आम्ही दोघी वाढतच राहिलो.